जीपमधली चौथी जागा

आमच्या घरात वाळवंट आलं ते थेट जेवणाच्या टेबलावर. दादाने आणलं. म्हणजे आधी त्याने जीप आणली आणि मग ती कुठे न्यायची याचा विचार सुरू केला; आमच्या दादाची सगळी कामं याच क्रमाने होतात, पुढे लग्नसुद्धा त्याने तसंच केलं. जीप लष्कराच्या लिलावातली होती, चारही चाकांनी ओढणारी. रंग उडालेला, टप फाटका, आणि सुरू होताना ती अशी काही खाकरायची की वरच्या मजल्यावरच्या काकू हातातली घंटा देव्हाऱ्यात ठेवून खिडकीत यायच्या. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत तेव्हा सगळ्या स्कूटरीच. जीप आली त्याच आठवड्यात जिन्याखाली पाटी लागली : "येथे रणगाडे लावू नयेत. लावल्यास चाकांतील हवेची हमी नाही." सेक्रेटरींना वाटलं दादा ओशाळेल. दादाने जीप बरोब्बर पाटीखाली लावली आणि ती तिथेच राहिली.

घरात आम्ही चौघं. अण्णा चिंचवडकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. देशाची दारं उघडली, बाहेरचा वारा आत आला असं जे काही तेव्हा पेपरात छापून यायचं, त्या वाऱ्याने आमचे अण्णा तेवढे बाहेर उडाले. स्वेच्छानिवृत्ती असं त्याचं नाव. स्वेच्छा कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून ते रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि पेपर पहिल्या बातमीपासून शेवटच्या निविदेपर्यंत वाचायचे. त्याच सुमारास दादा संगणकाच्या कंपनीत लागला. किरण म्हणून त्याचा कॉलेजातला मित्र होता. त्याच्या वडिलांचा शब्द तिथे चालायचा, त्यांनी दादाला चिकटवलं. मग घरात काय काय बदललं ते कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला डोळे होते. तव्यावरची पहिली पोळी आजवर अण्णांच्या ताटात पडायची, ती दादाच्या ताटात पडायला लागली. आई आधी म्हणायची, "ह्यांना विचारून सांगते." आता म्हणायला लागली, "दादाला विचारू." नव्या शेगडीपासून माझ्या लग्नापर्यंत सगळं दादाला विचारून. तिला दोष द्यावा तर घराचा गाडा तीच ओढत होती, आणि न द्यावा तर आजही माझा जीव जळतो.

मी भूगोल घेऊन एम. ए. झाले होते. जिन्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "संगणकाचा कोर्स केलास की नाही?" आणि नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा सांत्वनाला आल्यासारखा व्हायचा. दादाला वाळवंटात जायचं होतं, कारण त्याच्या कंपनीतलं कुणीतरी परदेशात वाळवंटात गाडी घालून आलं होतं आणि फोटो दाखवत फिरत होतं. तो राजस्थान राजस्थान करत होता. मी म्हटलं, "कच्छच्या लहान रणात जा. जवळ आहे, आणि मी पाहिलंय." कॉलेजच्या अभ्याससहलीत आम्ही त्या रणाच्या काठापर्यंत गेलो होतो. बाई नको नको म्हणत असताना मी चार पावलं पुढे गेले आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दोघींनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा पाय आला, चप्पल तिथेच राहिली. दादाला हे सांगितलं तर तो खूश झाला. "मग रस्ते तूच काढ, शुभे," म्हणाला. "आम्ही तिघं आणि तू. चौथी सीट तुझी." किती सहज म्हणाला! मी त्या एका वाक्यावर दिवाळीच्या आधीपासून जगत होते. घर, लायब्ररी आणि बघायला येणारे लोक यापलीकडे मला कुणी कुठे नेलंच नव्हतं. मला त्या जीपमध्ये बसायचं होतं, पुढे नकाशा घेऊन, आणि "इकडे वळ" म्हणायचं होतं. एवढीच इच्छा, पण तिच्यासाठी मी काहीही केलं असतं.

दर रविवारी दुपारी मंडळी जमायची. दादा, किरण आणि तिसरा मिलिंद. मिलिंद मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा आणि थालीपिठावर लोण्याचा गोळा घेताना "काकू, अजून थोडं" म्हणायला कधी लाजायचा नाही. किरण दादाच्याच कंपनीतला, शांत. नव्या सालात जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी आवई उठली होती ना, ते निस्तरायला त्याला अमेरिकेला पाठवणार होते. तारीख जवळ आली होती. आई आतून थालीपिठं लावायची, तव्याचं झाकण वाजायचं, शेजारच्यांच्या केबलवरचं गाणं भिंतीतून यायचं, आणि आम्ही टेबलावरच्या प्लॅस्टिकवर नकाशा पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर मीठ, लोणचं, चिवड्याचा डबा आणि अण्णांच्या चष्म्याचं घर ठेवायचो. अण्णा खिडकीत पेपर वाचत असायचे. वाचत कसले, कान आमच्याकडेच.

त्यांतला एक रविवार मला कालच्यासारखा आठवतो, कारण पुढचं सगळं त्याच रविवारावरून झालं. मी नकाशावर तीन रस्ते काढले होते.

"हा पहिला," मी म्हणाले. "मिठागरांच्या कडेने. ट्रॅक्टर रोज जातात-येतात, जमीन दाबून घट्ट झालेली असते. लांबचा आहे आणि वाटेत बघण्यासारखं काही नाही."

"मग जायचं कशाला त्याने?" मिलिंद.

"परत यायला."

किरण हसला. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. तो रणाच्या मधून एका बेटापर्यंत जात होता. रणात जो उंचवटा पाण्याबाहेर राहतो त्याला तिथे बेटच म्हणतात. "ह्याने फक्त भर दुपारी जायचं, आणि चाकांच्या ताज्या खुणा बघून. जाणाऱ्या खुणा दिसल्या आणि येणाऱ्या दिसल्या नाहीत, तर गेलेला माणूस कुठे असेल याचा आधी विचार करायचा." तिसरा रस्ता खाडीच्या तोंडाजवळून तिरका निघत होता. सगळ्यांत जवळचा, आणि रोहित पक्ष्यांचे थवे तिथेच उतरतात. त्यावर मी लाल पेन्सिलने फुली मारली होती. "हा नको. दिवाळी उलटली तरी इथे खालून पाणी असतं. वर पापुद्रा धरतो, दिसायला कोरडा ठणठणीत."

"मॅडम, आपली गाडी चारही चाकांनी ओढते," मिलिंद म्हणाला.

"मग चारही चाकांनी रुतेल."

तो काही पटवून घेईना. तेव्हा मी उठले आणि स्वयंपाकघरातून दुधाचं पातेलं उचलून आणलं. वर चांगली जाड साय धरली होती. त्यावर हलकेच चमचा ठेवला. राहिला. "हा माणूस," मी म्हणाले. मग वरणाची पळी ठेवली. ती क्षणभर राहिली आणि सायीसकट खाली गेली. "ही तुमची जीप." सगळे हसले, आई आतून ओरडली, "अगं भवाने, विरजणाची साय होती ती!" आणि अण्णांनी पेपर खाली करून विचारलं, "म्हणजे तिसरा रस्ता नाहीच?" दादा म्हणाला, "नाहीच." इतकं स्वच्छ बोलणं आमच्या घरात त्याआधी आणि त्यानंतर फारसं झालेलं नाही.

आता माझा भाचा फोनवर चिमटीने जग मोठं-लहान करतो आणि म्हणतो, "आत्या, रस्ता काय काढायचा असतो? तो फोनमधली बाई सांगते की." बाई सांगते खरी. तेव्हाही सांगतच होती.

निघायच्या आदल्या आठवड्यात स्थळ आलं. मुलगा अमेरिकेत, संगणकातलाच. असली मुलं तेव्हा डिसेंबरात थोड्या रजेवर यायची आणि सकाळ-संध्याकाळ मुली बघायची. डॉक्टरांकडे नंबर लावावा तसा आपला नंबर लागायचा. आमचा नंबर नेमका जीप निघायच्या दुसऱ्या दिवशी लागला. मी म्हटलं, आपण दोन दिवस उशिरा निघू. दादा म्हणाला, "रजा मंजूर झालीय गं. आमच्याकडे क्लायंट असतात, तुला नाही कळायचं ते. आणि किरणलाही वेळ नाहीये."

"मग त्या लोकांना दुसरी वेळ मागा."

"अमेरिकेची स्थळं काय मंडईत जुड्यांनी मिळतात?" आई म्हणाली.

मी दादाकडे बघितलं. तो जरा चुळबुळला आणि मग बोललाच. "हे बघ, खरं सांगू? मिलिंदही म्हणत होता, मुलगी बरोबर असली की मुक्कामाची पंचाईत होते. तुझा नकाशा आहे ना आमच्याजवळ. तूच असल्यासारखी." वा रे वा! म्हणजे रस्ते हवेत, रस्ते काढणारी नको. असा संताप आला मला, की हातातला ग्लास भिंतीवर फेकावा. फेकला नाही. आमच्याकडे मुली ग्लास फेकत नसत, विसळत. मी अण्णांकडे वळले. "अण्णा, तुमच्यासमोर तो म्हणाला होता, चौथी सीट माझी." अण्णांनी पेपराची घडी उलटी घातली, पुन्हा सरळ केली, आणि म्हणाले, "पुढच्या वेळी जा, बाळ." पुढची वेळ कसली नि काय.

आईला आता वेगळाच घोर लागला. मी गळाल्यावर जाणारे उरले तिघं, आणि तीन तिघाडा काम बिघाडा. तिघांनी मिळून प्रवासाला निघायचं नाही, हे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. यजमानाची बायको हजर नसली की भटजी तिच्या जागी सुपारी घेऊन पूजा उरकतात. आईने तोच तोडगा काढला. पहाटे तिने माझ्याच एका रुमालात सुपारी बांधली, तिला हळदकुंकू लावलं आणि जीपमधल्या चौथ्या जागेवर नेऊन ठेवली. "ही आपली शुभा समज," दादाला म्हणाली. मिलिंद म्हणाला, "ही बरी आहे, काकू. बोलत नाही." सगळे हसले, आणि बघा, मीही हसले. मग तिघांच्या तळहातावर दही पडलं, दशम्यांचा डबा आणि तिळाची चटणी आत गेली, जीप खाकरली, वरच्या काकू खिडकीत आल्या. त्या दशम्या रात्री मीच लाटल्या होत्या. दुधात कणीक मळून, गूळ घालून, चार दिवस टिकतील अशा.

दुसऱ्या दिवशी मी मोतिया रंगाची साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. मुलगा बरा होता, म्हणजे बसला होता. मला विचारतो, "ड्रायव्हिंग येतं का? तिकडे त्याशिवाय चालत नाही." मी म्हटलं, "येत नाही. पण कुठे चालवू नये ते सांगता येतं." त्याच्या आईने बशी खाली ठेवली. पत्रिका आधीच जुळली होती, छत्तीस गुणांपैकी चांगले भरघोस. दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. ग्रह मधल्या मध्ये हलले असावेत.

दादाचा फोन त्याच दिवशी आला. आई फोनवर नुसती "अगं बाई, अगं बाई" करत होती, आणि मी तिच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला तेव्हा पलीकडून फक्त खरखर. जीप रुतली होती. चाकाखाली फळी सरकवायला जॅक लावला, तो चिखलात तिरपा होऊन निसटला आणि जीपचं ओझं किरणच्या नडगीवर आलं. रात्रभर ते तिघं तिथे बसून होते. सकाळी मिठागराचा ट्रॅक्टर आला. जीप तिकडेच कुणाला तरी देऊन टाकली, किरणला तिकडच्याच इस्पितळात दाखवून पुण्याला आणलं, पायात सळी घातली, आणि डॉक्टर म्हणाले, सहा महिने पाय टेकायचा नाही. अमेरिका गेली.

दादा घरी आला, अंघोळ केली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून पिठलं-भात जेवला. आम्ही तिघं समोर. मी विचारलं, "कुठल्या रस्त्याने गेलात?" तो मान वर न करता म्हणाला, "तिसऱ्या. मिलिंद म्हणाला पक्षी बघू. आणि दिसत होता गं कोरडा." मग भातावर आणखी पिठलं मागून घेतलं. आईने वाढलं. आणखी काय विचारायचं होतं? त्याने कबूल केलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं की खरं काय ते घराला ठाऊक आहे.

किरणला बघायला आम्ही चौघं शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, आणि त्याची आई. किरण आतल्या खोलीत पलंगावर होता. दार उघडं, त्याचा प्लास्टरमधला पाय आम्हाला दिसत होता. काकूंनी चहा आणला. नानांनी कुणाचीही विचारपूस केली नाही. कप हातात पडेपर्यंत थांबले आणि दादाला म्हणाले, "आम्हाला एवढंच कळू द्या. दलदलीत गाडी घालायची अक्कल कुणाची?"

दादा कपात बघत होता. "रस्ते," तो म्हणाला, "रस्ते शुभाने काढले होते."

वाक्य खोटं नव्हतं. तीनही रस्ते मीच काढले होते, फुलीसकट. मी तोंड उघडलं, "नाना, तो रस्ता मी..." एवढ्यात आईने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सोयीचंच पडलं. "चुकलं हो तिचं," आई म्हणाली. "पुस्तकं वाचून शहाणी झालेली पोर. तिला काय कळतंय रस्त्यातलं? आणि हे तिघं भाबडे, गेले विश्वासाने. पदरात घ्या. शुभा, ऊठ. पाया पड नानांच्या."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा, ज्यांनी पेपर खाली करून "तिसरा नाहीच?" असं विचारलं होतं. ते चहात चमचा फिरवत होते. साखर केव्हाच विरघळली होती, तरी फिरवत होते. मी आतल्या खोलीकडे बघितलं. किरण जीपमध्ये होता, त्याला तर सगळं ठाऊक. तो खोकला, आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग मी उठले आणि वाकले. नानांनी पाय मागे घेतले. "राहू दे, राहू दे. नसत्या उठाठेवी कशाला कराव्यात मुलींनी?" काकू म्हणाल्या, "लग्नाचं बघताय ना हिच्या? उरकून टाका. जबाबदारी पडली की आपोआप शहाणपण येतं." आणि माझ्या हातावर नारळाची वडी ठेवली. ती वडी मी खाल्ली. काय करणार, हातावर ठेवली होती.

किरणच्या जागेवर कंपनीने पुढे कुणाला अमेरिकेला पाठवलं, हे सांगायला हवं का? दादाला. नानांनीच शब्द टाकला. अजूनही दादा तिकडून आला की चार माणसांत ही गोष्ट रंगवून सांगतो, "आमच्या शुभीने आम्हाला चिखलात घातलं होतं," आणि लोक हसतात. मी पहिल्या काही वेळा खरं काय ते सांगितलं. लोक त्यालाही हसले, म्हणून पुढे सोडून दिलं. आई जाईपर्यंत तिलाही मनापासून तसंच वाटायला लागलं होतं. खोटं एकदा पाया पडून मान्य करवून घेतलं की ते घरातलंच होतं.

पण मला सांगायचंय ते परतीचं. आई दादाच्या मागे स्कूटरवर बसून गेली, मी आणि अण्णा रिक्षाने. लकडी पूल ओलांडला. कर्वे रस्त्याला लागल्यावर अण्णा बाहेर बघत म्हणाले, "तू तो रस्ता नको म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं."

"ऐकलं होतंत ना? मग तिथे का नाही बोललात?" माझा आवाज एवढा चढला की रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "एक वाक्य, अण्णा! नुसतं 'तिने नको म्हटलं होतं' एवढं. माझ्यासाठी एवढं नाही करता आलं तुम्हाला?"

नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षा थांबली, शेजारी बस येऊन उभी राहिली, तिचा धूर आत आला. अण्णांनी रुमाल नाकाला लावला आणि त्या रुमालातूनच म्हणाले, "बोललो असतो गं. आणि मग रात्री जेवायला कुणाच्या घरी गेलो असतो?"

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. आमच्या घरी, दुसरं कुठे? फ्लॅट अण्णांच्या नावावर होता. कारखान्यातली निम्मी नोकरी त्यांनी त्या दोन खोल्यांसाठी केली होती. दारावर पितळी पाटी त्यांची, वीजबिल त्यांच्या नावाचं, आणि खिशात किल्ली. मी हे सगळं त्यांना ऐकवणार होते. वाक्यं जुळवत जिना चढले. आई आणि दादा आधीच पोचले होते, दार बंद होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता. अण्णा दारासमोर थांबले. त्यांचा हात खिशापर्यंत गेला. किल्ली वाजलेली मला ऐकू आली. मग त्यांनी हात बाहेर काढला, बेल वाजवली, आणि दादा येऊन दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभे राहिले.